हंटिंग्टनच्या रुग्णासाठी घेतलेली जेवणाची साधने: दीड वर्षाच्या वापरानंतर

माझ्या वडिलांना हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे; त्यात हातापायांना अनैच्छिक झटके येतात आणि गिळणेही अवघड होते. गेल्या दीड वर्षात त्यांच्या जेवणासाठी आम्ही जी साधने विकत घेतली, त्यांपैकी कोणती रोजच्या वापरात टिकली आणि कोणती माळ्यावर गेली, ते इथे लिहीत आहे. खरेदीच्या वेळी मला वाचायला मिळालेले बहुतेक अभिप्राय पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरचे होते आणि त्यांवर विसंबून मी दोन वस्तू चुकीच्या घेतल्या.

फरक समजून घेणे आवश्यक आहे. पार्किन्सनमधला कंप बराचसा एका लयीत होतो. हंटिंग्टनमध्ये हात, मान, जीभ, धड यांपैकी काय कधी आणि कोणत्या दिशेला झटका देईल याचा नेम नसतो. चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात सीएजी या डीएनएच्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती गरजेपेक्षा जास्त वेळा झाल्यामुळे हा आजार होतो, आणि आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता पन्नास टक्के असते. हे जनुक 1993 साली सापडले. माझी आजी त्याच्या चार वर्षे आधी गेली. तिच्या हातातली कपबशी उडायची तेव्हा गावाने 'बाहेरचे' काहीतरी असल्याचे ठरवले होते आणि तिला कोणी पंगतीत बसवत नसे. बाबांना ताटावरून उठावे लागू नये एवढाच माझा हेतू होता, आणि पुढचे सर्व मत त्याच मापाने दिले आहे.

सर्वांत उपयोगी ठरला तो नाकाकडची कड अर्धचंद्राकार कापलेला प्लास्टिकचा पेला. साध्या पेल्यातला शेवटचा घोट घेताना मान मागे टाकावी लागते आणि नेमके त्याच वेळी पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. कापलेल्या कडेमुळे नाक आड येत नाही, म्हणून हनुवटी किंचित खाली ठेवूनच पेला रिकामा करता येतो. किंमत तीनशेच्या आसपास. एकच दोष म्हणजे तो हलका आहे. हाताच्या झटक्याने उडतो, त्यामुळे अर्ध्यापेक्षा जास्त भरता येत नाही.

उभ्या काठाचे ताट आणि त्याखालची रबरी जाळी यांनाही पूर्ण गुण. तळाला चोषक (टेबलाला चिकटणारी रबरी वाटी) असलेले ताट मात्र घेऊ नये. आमच्या जुन्या सागवानी टेबलावर ते पाच मिनिटेही चिकटून राहिले नाही, सनमायकावर कदाचित राहील. ताटाऐवजी खोलगट स्टीलची परात आणि खाली जाळी एवढ्यानेही काम भागते, हे आईने दाखवून दिले, आणि ते तिने मी पैसे खर्च केल्यानंतर दाखवले.

जड चमच्याबद्दल माझे मत मिश्र आहे. वजनामुळे हात थोडा स्थिरावतो हे खरे, पण झटका मोठा आला की तेच वजन दातांवर आदळते. दोनदा ओठ फुटल्यावर आम्ही तो बंद केला. आता साध्या चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवले आहे, आणि तोंडात जाणारा भाग सिलिकॉनचा असलेला एक चमचा वेगळा घेतला आहे. हाताची थरथर ओळखून स्वतःला स्थिर ठेवणारा, विजेवर चार्ज होणारा चमचा एका नातेवाइकांनी परदेशातून आणला होता. तो लयबद्ध कंपासाठी बनवलेला आहे. बाबांच्या हालचालींपुढे तो गोंधळून जातो, म्हणून हंटिंग्टनसाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही.

आता पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ नयेत म्हणून ते घट्ट करणाऱ्या पुडीविषयी, जिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिण्यासारखे आहे. ती दोन प्रकारची मिळते: स्टार्चची (पिठूळ सत्त्वाची) आणि झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाची. एका विक्रेत्याने दुसऱ्या प्रकारच्या नावाखाली आम्हाला पहिल्या प्रकारचा डबा पाठवला आणि परतही घेतला नाही. तो वापरल्यावर फरक कळला. लाळेतल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) स्टार्च विरघळत जाते. घोट घेता घेता लाळ पेल्यात उतरते आणि तळाचा अर्धा भाग पुन्हा पाण्यासारखा होतो, म्हणजे धोका शेवटच्या घोटांत परत येतो. झँथन गमचे तसे होत नाही. मात्र दुधाच्या पदार्थात ती घट्ट व्हायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेते. आपला चहा दुधाचा, त्यामुळे सुरुवातीला 'अजून पातळच आहे' म्हणून मी आणखी पूड घालत गेले आणि दहा मिनिटांनी कपात खळ तयार झाली. बाबांनी ती चमच्याने उलटी धरून दाखवली आणि खूप दिवसांनी मनापासून हसले. आता चहा आधी घट्ट करून ठेवते आणि मग पुन्हा कोमट करते.

घट्टपणा डोळ्यांनी ठरवू नये. सुई काढलेल्या 10 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये द्रव भरून दहा सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचे: 1 ते 4 मिलि उरल्यास किंचित घट्ट, 4 ते 8 उरल्यास सौम्य घट्ट, 8 पेक्षा जास्त उरल्यास मध्यम. आपल्या रुग्णाला कोणता स्तर हवा हे स्पीच थेरपिस्टने गिळणे तपासूनच ठरवावे, कारण गरजेपेक्षा घट्ट पाणी रुग्ण पीत नाही. आमच्याकडे पहिल्या महिन्यात तसेच झाले आणि बद्धकोष्ठतेचा नवाच त्रास मागे लागला.

खर्च मोठा आहे. बाराशे रुपयांचा डबा तीन आठवड्यांत संपतो. म्हणून पूड फक्त पाणी आणि चहासाठी राखून ठेवली आहे. मुळातच घट्ट आणि एकजीव असलेले पदार्थ आपल्या स्वयंपाकात पुष्कळ आहेत: तांदळाची उकड, नाचणीचे सत्त्व, तूप-मेतकूट घातलेला मऊ भात, श्रीखंड, हंगामात आमरस. शेवयांची खीर आणि फोडींचा पातळ रस्सा यांत पातळ आणि घन पदार्थ एकत्र तोंडात येतात, तो प्रकार सर्वांत अवघड. कोरडे पोहेही बंद केले. अखंड हालचालींमुळे शरीराची ऊर्जा फार खर्च होते आणि दोन्ही वेळ नीट जेवूनही वजन घटते, त्यामुळे तूप आणि साय यांबाबत आमच्या घरी आता कोणी हात आखडत नाही. बाबांना घाईघाईने तोंड भरण्याची सवय लागली आहे, तीही आजाराचाच भाग आहे, आणि तिच्यावर कोणतेही साधन चालत नाही. टीव्ही बंद ठेवून आई समोर बसते आणि एक घास गिळून झाल्यावरच पुढचा वाढते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी पेला आणि रबरी जाळी घ्यावी, पुडीचा लहान डबा घेऊन पाहावा आणि चमच्यावर पैसे घालण्यापूर्वी सायकलच्या दुकानात जाऊन यावे. पेले मात्र दोन घ्यावेत. लग्नकार्याला जाताना दुसरा आईच्या पिशवीत असतो.