सीआयडी : खून कुणाचा का होईना, आपण ऑफिस बघायला बसतो

आधीच सांगून टाकतो, सस्पेन्ससाठी सोनीवरची सीआयडी सिरीयल बघणार असाल तर नका बघू. खुनी कोण हे आमच्या घरी पहिल्या जाहिरातीच्या ब्रेकला ठरलेलं असायचं, जो सगळ्यात जास्त रडतोय आणि कुणी विचारलं नसताना मी तर त्या रात्री गावीच नव्हतो असं सांगतोय तोच, बहुतेक वेळा. आई भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून सांगायची, माळ्याने केलंय. आणि माळीच निघायचा. तरी आम्ही पूर्ण एपिसोड बघायचो, पुढच्या आठवड्यात परत बसायचो, आणि आज पस्तिशी ओलांडली तरी जेवताना फोन ग्लासला टेकवून यूट्यूबवर जुने एपिसोड चालूच असतात. का बघतो हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं, बाबांमुळे कळलं.

बाबा बँकेत हेड कॅशियर होते. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही की घरी यायला नऊ-साडेनऊ, आणि आल्यावर चेहरा असा की कुणी बोलायचं नाही. तर बाबा पहिल्यांदा शिवाजी साटमांना एसीपी प्रद्युम्न, म्हणजे सीआयडी टीमचा साहेब, म्हणून बघून म्हणाले, हा पोलीस नाही रे, हा बँकेतला माणूस आहे. आम्ही हसलो. नंतर कधीतरी पेपरात साटमांची मुलाखत आली त्यात होतं की ते नटाच्या आधी खरंच बँकेत नोकरीला होते, तो पेपर बाबांनी जपून ठेवला आणि नंतरची कित्येक वर्षं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा ऐकवला. पण ते म्हणाले ते खरंच आहे बघा, एसीपी संशयिताला एकच प्रश्न तीनदा विचारतो, आवाज न चढवता, नोटांचं बंडल तीनदा मोजतात तसा. दुसऱ्यांदा मोजताना एक नोट कमी भरली की तो थांबतो, हात अर्धा वर जातो, आणि बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडतोय अशी ती बोटं फिरायला लागतात. कुछ तो गड़बड़ है. आमच्याकडे दूधवाल्याच्या बिलात बारा रुपयांचा फरक आला तरी बाबा हेच करायचे, बोटांसकट.

तेव्हापासून मी सीआयडी ऑफिसातली सिरीयल म्हणून बघतो, आणि तशी बघितली की सगळं जागेवर बसतं. एसीपी म्हणजे ब्रँच मॅनेजर, काम करून घेणारा, कौतुक महिन्यातून एकदा. अभिजीत हुशार अधिकारी, ज्याला माहितीये की पुढचा मॅनेजर आपणच पण तो बोलून दाखवत नाही. दया म्हणजे, आमच्या बाबांच्या भाषेत, ज्याच्याकडे स्ट्राँगरूमची चावी बिनधास्त द्यावी असा. आणि फ्रेडरिक्स म्हणजे प्रत्येक ऑफिसात एक असतोच तो, कामात साधा पण ज्या दिवशी रजेवर असतो त्या दिवशी ऑफिस ऑफिस वाटत नाही.

आणि मग लॅबवाले डॉक्टर सालुंखे. नरेंद्र गुप्तांनी हा माणूस इतका आवडीने केलाय की बास. यावर माझी एक जुनी तक्रार आहे ती मांडतोच, साळुंखे आडनावातला ळ वीस वर्षांत त्या सिरीयलला जमला नाही! साटमांना येतो की ळ, आपलाच माणूस, पण तेही इमानदारीत सालुंखे, सालुंखे. असो. तर एसीपी लॅबमध्ये येतो आणि आल्या आल्या घाई, मौत कैसे हुई, कब हुई, आणि सालुंखे मुद्दाम वेळ काढतो, अरे बॉस, ज़रा सांस तो लेने दो, मग टेस्ट ट्यूबमध्ये निळं पाणी, त्यात दोन थेंब, पाणी लाल, झालं, विष सापडलं. इथे खऱ्या आयुष्यातला पेपर उघडा तर "व्हिसेरा (म्हणजे तपासणीसाठी काढलेले मृताचे अवयव) राखून ठेवण्यात आला आहे" एवढ्यावर बातमी संपते आणि कलिन्याच्या लॅबमधून रिपोर्ट यायची वाट बघत घरचे लोक महिनोन्‌महिने पोलीस स्टेशनच्या चकरा मारतात. सालुंखे ब्रेकच्या आत देतो रिपोर्ट. विज्ञान म्हणून शून्य मार्क. पण त्या दोघांची कुरकुर बघा, ती ब्रँच आणि हेड ऑफिसची कुरकुर आहे, एकाला आत्ता पाहिजे आणि दुसरा म्हणतो फाईल माझ्याकडे आहे तेव्हा मी सांगीन तेव्हा. दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही हे दोघंही कबूल करणार नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या सिरीयलमधली सगळ्यात खरी जोडी हीच, दया-अभिजीतच्या आधी.

दयाबद्दल लोक फक्त त्याने लाथेने तोडलेल्या दरवाज्याचं बोलतात. दरवाजे म्हणजे काय, प्लायवूडचे, कडीसकट चौकट बाहेर येते, आणि कधीकधी शेजारी बेल दिसत असते ती कुणी वाजवत नाही. दयानंद शेट्टी मुळात थाळीफेक करणारा खेळाडू, अंगात ताकद खरीच आहे, पण त्याचं चांगलं काम बघायचं तर जिथे तो एखाद्या घाबरलेल्या पोराशी किंवा म्हाताऱ्या बाईशी बोलतो तिथे बघा. एवढा धिप्पाड माणूस गुडघ्यावर बसतो, आवाज खाली आणतो. थप्पड कुणीही मारेल हो. अभिजीतचं उलट, आदित्य श्रीवास्तव काही न करता उभा असतो मागे, बाकीचे संशयिताकडे बघतायत आणि हा टेबलावरच्या कपाकडे. तो कपाकडे बघतोय हे मला चौथ्यांदा तोच एपिसोड बघताना दिसलं. लॅबमधल्या डॉक्टर तारिकासमोर मात्र पार विरघळतो, ते थोडं जास्त व्हायचं पण चालायचं.

बायकांच्या बाबतीत सिरीयल कंजूष होती हे म्हणायलाच हवं. सुरुवातीला अश्विनी काळसेकर होती, किती दमदार बाई, नंतर एकामागून एक इन्स्पेक्टर आल्या आणि बदली झाल्यासारख्या गेल्या, बहुतेकींना काम एकच, "सर, ये देखिए". पूर्वी नावाच्या अधिकारी बाईला जरा बरं दिलं. बस.

ही सिरीयल बनवणारे बी. पी. सिंग हा मुळात कॅमेऱ्याचा माणूस. त्यांची आणि साटमांची जोडी आपल्या आईबाबांना आधीपासून माहीत, दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' होतं ना. मग १९९८च्या जानेवारीत सोनीवर सीआयडी आलं आणि २०१८च्या ऑक्टोबरमध्ये थांबलं तोपर्यंत १५४७ एपिसोड झाले होते. कॅमेऱ्याचा माणूस म्हणजे काय हे बघायचं असेल तर २००४चा तो एका शॉटमधला एपिसोड शोधाच, १११ मिनिटं, एकही कट नाही, लिम्का आणि गिनीज दोन्हीकडे नोंद झाली. मी तेव्हा शाळेत होतो आणि नेमकी त्याच रात्री आमच्या गल्लीतली केबल गेली, केबलवाल्याला फोन लावला तर म्हणे सकाळी बघतो, मग आम्ही तिघं चपला घालून समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडे जाऊन बसलो, तिथे आधीच नऊ जण. गोष्ट साधीच आहे, वारसाहक्क, मोठं घर, सगळे एकमेकांवर संशय घेतायत. पण कट नाही हे कळल्यावर तुम्ही गोष्ट बघतच नाही, तुम्ही बघता आता कुणाची जीभ अडखळेल, आता कॅमेरावाला त्या दारातून कसा जाणार. तासाभराने बाबा म्हणाले, ही क्लोजिंगची रात्र आहे रे, ३१ मार्च, कुणी हललं तर सगळं परत. काकूंनी मध्ये पोहे आणले तेही कुणी घेईना.

कथा म्हणून मला आजही लागतो तो नकुलचा भाग. एसीपीचा स्वतःचा मुलगा गुन्हेगार निघतो आणि बापालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. त्यानंतरच्या एपिसोडांमध्ये साटम जेव्हा कुठल्या तरी बापाला पोराच्या मरणाची बातमी सांगतात तेव्हा जरा जास्त वेळ थांबतात असं मला वाटतं, माझा भास असेल, पण वाटतं.

आता २१ डिसेंबर २०२४ला नवीन सीझन आला त्याचं. आम्ही घरी अक्षरशः पेढे आणले होते. आणि यांनी काय केलं, दया आणि अभिजीतला एकमेकांचे वैरी केलं, अभिजीतला दयावर गोळी झाडायला लावली. अरे वीस वर्षं आम्ही खुनासाठी बसलो होतो का? पंचनामा नाही, वकील नाही, कोर्टाच्या आधीच एसीपी अब तुम्हें फांसी होगी म्हणून निकाल देतो, हे सगळं आम्ही खपवून घेतलं ते ही माणसं एका टेबलाभोवती उभी राहतात म्हणून. राज्याचं खरं सीआयडी पुण्यात आहे आणि मुंबईतले असले खून क्राइम ब्रँच बघते हेही आम्हाला माहीत आहे, तेही खपवलं. टेबलच मोडलं तर काय बघायचं? त्यात सगळं चकाचक, निळसर लाईट, कानठळ्या बसवणारं म्युझिक, लॅब तर अशी की सालुंखे स्वतःच हरवल्यासारखा दिसतो.

मग एप्रिल २०२५, एसीपी प्रद्युम्नला बॉम्बस्फोटात मारलं. चॅनेलने सोशल मीडियावर श्रद्धांजलीचा फोटो टाकला, १९९८ ते २०२५, आणि माझ्या आत्याने तो खरा समजून आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन हात जोडून टाकला, साटम गेले म्हणून. तासभर ग्रुपवर रडारड. बाबा फार चिडले पण त्यांचं कारण वेगळंच, म्हणाले मारलं ते मारलं, एवढी सर्व्हिस झालेल्या माणसाला सेंड ऑफ नाही? शाल नाही, श्रीफळ नाही, दोन शब्द बोलणारं कुणी नाही? पार्थ समथानला नवीन एसीपी म्हणून आणलं, बरा होता बिचारा, पण ज्या खुर्चीवर बसवला ती त्याला दोन मापं मोठी. लोकांनी बोंब मारली आणि थोड्याच दिवसांत एसीपी जिवंत परत. बाबा म्हणाले, रिटायर माणसाला कॉन्ट्रॅक्टवर बोलावलं, आमच्याकडेही असंच करायचे.

पण नवीन सीझनमध्ये खरी रिकामी जागा फ्रेडरिक्सची. दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ला गेले, परतीच्या वर्षभर आधी. फडणीस आडनावाचा माणूस इतकी वर्षं ख्रिश्चन फ्रेडी बनून बायकोला घाबरत होता आणि आम्हाला कधी खोटा वाटला नाही. तो विनोद करायचा ते फार भारी नसायचे, खरं सांगायचं तर निम्मे पडायचे, पण विनोद पडल्यावर तो एसीपीकडे जे बघायचा, सर रागावले का काय असं, ते भारी असायचं. आता टीम घटनास्थळी पोचते, सगळे प्रेताभोवती गंभीर उभे राहतात आणि कुणीच दचकत नाही. दचकणारा गेला.

स्टार द्यायचेच तर जुन्याला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ळ साठी कापला. नवीनला अडीच, आणि त्यातले दोन सालुंखेचे. सुरुवात करायची असेल तर नवीनपासून अजिबात नको, यूट्यूबवर २००० सालच्या आसपासचे जुने एपिसोड शोधा, चित्र जरा धुरकट आहे, चालतं.

काल रात्री बाबा हॉलमध्ये फोनवर असाच एक बघत होते, आवाज फुल्ल. मी पाणी प्यायला उठलो, म्हटलं हा तर किती वेळा झालाय, माळीच आहे. म्हणाले, माहितीये रे, सालुंखेचा सीन यायचाय, बस जरा.