डीह्युमिडिफायर: रत्नागिरीतल्या दोन पावसाळ्यांनंतर

ज्यांना सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी निकाल आधी. कोकणात राहत असाल, घराची एखादी भिंत पश्चिमेचा पाऊस खात असेल आणि घरात दम्याचं माणूस असेल, तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घ्या, पैसे वसूल होतात. भिंतीतून पाणी आत येत असेल तर आधी भिंतीचं बघा. आणि बुरा धरलेल्या गाद्या-कपाटांवर हे मशीन काहीतरी उपाय करेल अशी आशा ठेवून घेणार असाल, तर घेऊच नका.

आमचं मशीन १२ लिटरचं, कॉम्प्रेसरवालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली बहुतेक मशीन्स आतून एकाच जातीची असतात. थंड कॉइलवरून हवा जाते, तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन टाकीत पडते. १२ लिटर हा आकडा साधारण ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत चोवीस तासांत निघणाऱ्या पाण्याचा असतो. खोली कोरडी होत जाईल तसं पाणी कमी पडतं. शेजारच्या काकूंनी "कालच्यापेक्षा टाकी रिकामी, बिघडलं वाटतं" म्हणून निदान केलं होतं. उलट तेव्हाच ते नीट काम करत होतं.

पहिला पावसाळा नुसता समजून घेण्यात गेला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. जुलैत बाहेरच्या हवेचीच आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अशा वेळी "खिडक्या उघडा, हवा खेळू दे" हा घराघरातला सल्ला कामाचा नाही. बाहेरची ओल आत घ्यायची आणि वीज जाळून ती परत बाहेर काढायची, असला व्यवहार होतो. आम्ही एकच खोली निवडली, सासूबाईंची झोपायची. दार-खिडकी बंद, दाराखालच्या फटीला जुनी चादर. तेवढ्या खोलीत आर्द्रता साठच्या खाली राहते. बुरशी आवरायला साठच्या खाली ठेवा, जमलं तर तीस ते पन्नास, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. पन्नास आम्हाला आषाढात कधी परवडलं नाही आणि त्यावाचून अडलंही नाही. अख्ख्या घराला एक मशीन पुरतं असं दुकानदार म्हणेल. नाही पुरत.

मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. तो मशीनपाशीचा असतो. कपाटामागच्या कोपऱ्यात परिस्थिती वेगळी असते, म्हणून वेगळा छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, घ्या. तो खरं सांगतो का ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चमचाभर पाण्याने ओलं चिखलासारखं करा आणि हायग्रोमीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर बंद करा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. आमचा ७९ दाखवत होता, म्हणजे दर वेळी चार वजा.

आता भिंत. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून बारीक भेग होती आणि आतून पोपडे. जुन्या घरांना पावसाळ्याआधी त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत, ते उगाच नव्हे. फ्लॅटला कोण बांधणार! भेग बुजवून बाहेरून वॉटरप्रूफिंग होईपर्यंत मशीन दिवसभर चालायचं आणि भिंत तशीच ओली. हवेतली ओल आणि भिंतीतली ओल ही दोन वेगळी दुखणी आहेत. आतला ओला गिलावा खरवडून, पूर्ण सुकू देऊन, मग नवा केला. ओल्या गिलाव्यावरच थेट बुरशीरोधक रंग मारायचा सल्ला रंगाऱ्याने आधी दिला होता. ओल्या भिंतीवर तो रंगही सुटतो. भिंतीवर पांढरं कापसासारखं दिसलं तर घाबरण्याआधी ओलं बोट लावून पाहा. लोणा (भिंतीतून बाहेर आलेला क्षार) असेल तर पाण्यात विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

ब्लीचबद्दल सगळे विचारतात. फरशी, टाइल असल्या गुळगुळीत जागी ठीक. गिलाव्यावर किंवा लाकडावर डाग फिका होतो आणि बुरशी आत तशीच राहू शकते. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जीवाल्याला त्रास देते. म्हणजे मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. साबणाचं पाणी, ब्रश आणि लगेच कोरडं करणं एवढ्याने आमचं बरंच भागलं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियावालं काही कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. व्हॉट्सॲपवर असली मिश्रणं फिरतात म्हणून लिहिलं.

सामानाचं प्रकरण सगळ्यात दमवणारं, आणि त्यात मशीनचा वाटा शेवटचा. स्टील, काच, प्लॅस्टिक धुतलं की झालं. सुती कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. उन्हात म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात, श्रावणातली दोन तासांची उघडीप धरू नका. रेशमी साड्या गच्चीवर नेऊन, तोंडाला एन-९५ लावून मऊ ब्रशने झटकल्या, सावलीत हवा दिली आणि ड्रायक्लीनला दिल्या. एका पैठणीच्या घडीवर डाग राहिला तो राहिलाच. बुरा आलेली कुठलीही वस्तू घरातून नेताना पिशवीत तोंड बांधून न्या, नाहीतर एका खोलीतलं धन दुसऱ्या खोलीत पेरलं जातं. घरात पंख्याखाली झटकणं तर नकोच.

पुस्तकं आधी कोरडी करायची, मग झटकायची. ओली असताना पुसलं की बुरशी कागदात चोळली जाते. इथे मशीनने खरोखर हात दिला. बंद खोलीत पानं पंख्यासारखी उघडून पुस्तकं उभी ठेवली. पोथ्या वाचल्या. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक पानं चिकटून एकसंध झाले होते, ते टाकले. लॅमिनेट केलेल्या मार्कशीट सुरक्षित असतात हा समज सोडा, कडेने ओल शिरली की आतच अडकते. सातबारा पुन्हा मिळतो, जुनी पत्रं आणि फोटो मिळत नाहीत, म्हणून हात तिथे आधी लावा.

गाद्या आणि उशा टाकल्या. यावर आमच्याकडे बरीच बाचाबाची झाली. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरून घेऊ, असं सासूबाईंचं म्हणणं. पिंजताना उडणारी धूळ दम्याच्या माणसाच्या घरात नकोच, आणि पिंजणाऱ्याच्या नाकात तरी का घालायची? कपाटाची प्लायची मागची पाठही गेली. प्लाय आणि भुशाच्या बोर्डमध्ये बुरशी आत शिरली की वरून पुसून भागत नाही, वास परत येतोच. नवं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं आहे. जागा जाते, पण मागे हवा फिरते.

हा सगळा पसारा ओलीने आलेल्या बुरशीचा. पुराचं पाणी शिरलेल्या घराला हा अनुभव लावू नका. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मावसबहिणीच्या दारात गाद्या, सोफे, कपाटं यांचा ढीग होता. सांडपाण्याचा गाळ मुरलेलं मऊ सामान ठेवण्यात अर्थ नसतो. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकली नाही की बुरशी धरायला लागते, आणि तिथे तर आठवडाभर धड वीज नव्हती.

डांबर गोळ्या किड्यांसाठी, बुरशीसाठी नाहीत. दम्याच्या माणसाच्या खोलीत तो वास नकोच. वेखंडाची पुरचुंडी मी ठेवते, पण त्याने ओल जात नाही. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या बंद कपाटापुरत्या चांगल्या. खाली जमणारं खारट पाणी सांडलं तर चामड्याची वाट लागते, तेवढं जपा.

तब्येतीबद्दल जपून लिहिते. सासूबाईंचा रात्रीचा खोकला दुसऱ्या पावसाळ्यात बराच कमी होता. त्याच सुमारास छातीच्या डॉक्टरांनी इनहेलरही बदलला होता. श्रेय कोणाला द्यायचं? मला दोघांनाही द्यावंसं वाटतं, सासूबाई सगळं इनहेलरला देतात. ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी आहे का हे रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीने कळतं, आणि काही दमेकऱ्यांमध्ये ती फुप्फुसाचं गंभीर दुखणं करते. तेव्हा खोकला हटत नसेल तर मशीनच्या आधी डॉक्टर. भिंतीवरच्या काळ्या डागांना बघून २०२१ मधली म्युकरमायकोसिसची, म्हणजे 'काळ्या बुरशी'ची बातमी आठवू नका. तो वेगळा आजार, आणि त्यातला काळा रंग मेलेल्या ऊतींचा असतो. लघवीतून बुरशीचं विष शोधून देणाऱ्या महागड्या चाचण्यांच्या जाहिराती आल्या तर पुढे सरका, त्या चाचण्या प्रमाणित नाहीत.

तक्रारीही आहेत. मशीन खोली गरम करतं. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता आणि विजेची उष्णता दोन्ही आतच राहते, त्यामुळे रात्री पंखा एक आकडा वाढवावा लागतो. आवाज जुन्या फ्रिजपेक्षा जास्त. टाकी दोन लिटरची, मध्यरात्री भरली की शिट्टी मारून बंद. मागून नळी काढून बाथरूममध्ये सोडली तेव्हा झोप लागली. घेताना एक गोष्ट नक्की विचारा: वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होतं का? आमचं होत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हा दोष फार मोठा आहे. पंधरवड्याला जाळी आणि टाकी धुवा, टाकीतच बुळबुळीत थर धरतो. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत नको, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

बिल? मशीन साधारण २३० वॉट घेतं, म्हणजे दहा तासांना दोन-सव्वादोन युनिट. एरवी आम्ही ३०० युनिटांच्या आत असतो, जुलै-ऑगस्टमध्ये महावितरणच्या पुढच्या टप्प्यात गेलो आणि ते टोचलं. पण बदल्यात कपडे सुकतात. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेत दोनेक लिटर पाणी सहज असतं, ते एरवी घरातल्या भिंतीच पितात. आता दुपारी कपडे त्याच खोलीत दोरीवर, संध्याकाळी कोरडे, कुबट वास नाही. एसीचा ड्राय मोडही चालतो, पण पाऊस पडून हवा गार असताना तो खोली आणखी गार करतो, आणि एसीच्या थंड भिंतीच्या पलीकडच्या बाजूला ओल धरते.

दिवाळीनंतर गुंडाळून ठेवण्याआधी टाकी काढून, नुसता पंखा काही तास चालवा, कॉइल सुकते. इमारतीतले लोक मशीन मागायला येतात आणि मी देतेही. अट एकच, उभं न्यायचं. मागे एकाने स्कूटरवर आडवं नेलं, म्हणून तसंच लगेच सुरू न करता दिवसभर उभं ठेवायला लावलं. तो अजून नाराज आहे. मशीन चालू आहे.