घरी गाडी धुवायचं सामान: चेनला पैसे घाला, चकाकीला नको

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. शेजारच्या शेडात फेटलिंग चालतं, म्हणजे कास्टिंगच्या कडेला राहिलेलं जादाचं लोखंड ग्राइंडरनं काढायचं काम. तिथल्या पार्किंगमध्ये पांढरी मोटरसायकल रोज लावली की काही दिवसांतच टाकीवर बारीक तांबूस ठिपके दिसायला लागतात. लोकं रंग खराब निघाला म्हणून शोरूमला भांडायला जातात. रंगाचा काही दोष नसतो. ग्राइंडरमधनं उडालेले लोखंडाचे कण रंगाला चिकटतात आणि दवात, पावसात गंजतात. शॅम्पूनं कितीही घासा, ते हलत नाहीत. त्यामुळं हे सामान घेताना बाटलीवरच्या चकचकीत फोटोपेक्षा आत काय आहे हे मी आधी बघतो. माझी पल्सर, रंग सिल्व्हर. सामान थोडं उद्यमनगरातनं घेतलं, थोडं ऑनलाइन.

या ठिपक्यांवर सगळ्यात उपयोगी पडली ती वस्तू म्हणजे क्ले बार. दिसायला पोरांच्या खेळण्यातल्या मातीसारखा गोळा. गाडी धुवून घ्यायची, टाकीवर शॅम्पूचं पाणी भरपूर मारायचं आणि गोळा चपटा करून हलक्या हातानं फिरवायचा. सुरुवातीला खरखर लागते. ती थांबली की तेवढा भाग झाला. गोळा मळून आतली स्वच्छ बाजू वर घ्यायची आणि पुढं सरकायचं. खाली फरशीवर पडला तर टाकून द्यायचा, धुवून परत वापरायचा नाही, कारण त्यात रुतलेला एक खडा टाकीवर चर पाडायला पुरतो. मॅट रंगाच्या गाडीला मात्र क्ले लावू नका, घासून मध्येच चकाकणारे पट्टे उठतात. लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रेही मिळतो. मारला की जांभळे ओघळ येतात, बघायला मजा वाटते. खरं वास असा नासक्या अंड्याचा की आई म्हणाली, "हे असलं काय मारायचं असंल तर गल्लीत नेऊन मार." काम करतो, पण महाग आहे. फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, आसपास गाडी लावत नसाल तर या दोन्हींची गरज नाही.

आता चेन. इथं मी हात आखडत नाही. आमच्याकडं गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर माती सांडत जातात, आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडं जाऊन आलं की तांबडा चिखल पार स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाच्या, दातांत बसतो. मी मोटुल कंपनीची जोडी वापरतो, सी-१ क्लीनर आणि सी-२ ल्यूब, म्हणजे चेनचं वंगण. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन साफ करणारे बघितलेत, त्यांनी आधी आपली बोटं मोजून ठेवावीत. क्लीनर मारून तीन बाजूंचा ब्रश फिरवला की काळं पाणी गळायला लागतं. मग फडक्यानं पुसून, वाळवून ल्यूब मारायचं, तेही खालच्या पट्ट्यावर आतल्या बाजूनं. चेन फिरताना तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून आतनं मारलेलं सगळीकडं पोचतं. हे काम रात्री करावं. रातभर ल्यूब मुरलं की सकाळी रिमवर शिंतोडे कमी. मागं डिस्क असेल तर मध्ये पुठ्ठा धरा, ब्रेकवर ल्यूबचा एक थेंबही नको.

आमचे शेजारचे काका दर वेळी विचारतात, "अरं, जळकं ऑइल लाव की, हे डबं कशाला?" जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली झीज आणि काजळी असते, ते चेनला लावणं म्हणजे फुकटातला पॉलिश पेपर. रॉकेलनं चेन चांगली निघायची, पण ते हल्ली मिळतंय कुठं? पेट्रोल आणि थिनर तर नकोच. ओ-रिंगवाल्या चेनमध्ये कारखान्यातच भरलेलं ग्रीस त्या रबराच्या कड्यांनी अडवून धरलेलं असतं. कड्या फुगल्या की ग्रीस गेलं आणि चेनही गेली. तारेचा ब्रशही याच कारणानं बाद.

डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे बरेच जण चेनलाच मारतात. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये ते ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून बनवलं होतं. पाणी हटवायला, अडकलेला बोल्ट सोडवायला त्याला तोड नाही. पण त्याचा थर पातळ असतो, चेनला पुढं ल्यूब लागतंच. माझ्याकडचा डबा पावसाळ्यात साइड स्टँडच्या पिनला आणि स्क्रूच्या डोक्यांना लागतो.

शॅम्पू कुठलाही गाडीचा चालतो, फक्त धुण्याची पावडर नको, ती वॅक्स उतरवते. दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. पाचट पेटवल्यावरची काजळी गाडीवर पडली असेल तर कोरडं फडकं मारू नका, आधी नुसत्या पाण्यानं वाहू द्या. आमचं बोअरचं पाणी क्षारट आहे, उन्हात वाळलं की पांढरे डाग राहतात. म्हणून सावलीत धुवायची आणि लगेच जाड मायक्रोफायबरनं टिपून घ्यायची. हे फडकं स्वस्तातलं घेऊ नका.

वॅक्स कार्नोबाचं घेतलंय. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, क्लेनंतर लावायलाच पाहिजे, कारण क्ले जुनं वॅक्स काढून टाकतो. पातळ लावा, जाड लावून चकाकी वाढत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात.

फसवी खरेदी म्हणाल तर चमकवायचा सिलिकॉन स्प्रे, कंपनीचं नाव सांगत नाही. प्लॅस्टिक दोन दिवस नव्यासारखं दिसलं, मग त्याच्यावरच धूळ बसून राहिली. सीटवर मारला तर ब्रेक दाबल्यावर मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर. टायरला किंवा डिस्कला लागला तर काय होईल ते सांगायला नको.

वॉशिंग सेंटरला मी अगदीच जात नाही असं नाही. गगनबावड्याच्या चिखलाला प्रेशरच लागतं. पण तिथल्या पोराला आधीच सांगतो, चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि स्विचवर जवळनं फवारा मारू नको, आणि इंजिन थंड होऊ दे. घरी आल्यावर चेनला परत ल्यूब.

कव्हर घ्यायचं असेल तर खालनं हवा खेळणारं घ्या. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकलं की आत पाणी कोंडतं आणि नट-बोल्ट गंजतात. पैसे कमी असतील तर कव्हर, वॅक्स सगळं राहू द्या, आधी चेनचा ब्रश आणि ल्यूब आणा. ल्यूबचा मोठा डबा घ्या, छोटा पावसाळ्यात पुरत नाही.