रीमॅपसाठी जुनी पोलो घ्यायची तर १.२ डीएसजी की १.० टॉर्क कन्व्हर्टर?

चाकणला पोलो बनणं २०२२ मध्ये थांबलं, तरी हौशी मंडळींची तिच्यावरची नजर काही हटलेली नाही. छोटी, मजबूत बांध्याची आणि रीमॅप केल्यावर (म्हणजे इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवल्यावर) खुलणारी ऑटोमॅटिक हवी असेल तर सेकंडहँड बाजारात टर्बो-पेट्रोल पोलोचे दोन पर्याय दिसतात. २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय आणि बीएस६ नंतर, २०२० मध्ये, तिच्या जागी आलेली १.० टीएसआय. कागदावर दोघींत फारसा फरक नाही:

| | १.२ जीटी टीएसआय | १.० टीएसआय |
|---|---|---|
| इंजिन | ४ सिलिंडर, ११९७ सीसी | ३ सिलिंडर, ९९९ सीसी |
| ताकद | १०५ पीएस | ११० पीएस |
| टॉर्क | १७५ एनएम | १७५ एनएम |
| गिअरबॉक्स | ७ स्पीड डीएसजी, ड्राय क्लच | ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर |
| एआरएआय चाचणीतलं मायलेज (किमी/लिटर) | १७.२१ | १६.४७ |

रीमॅपनंतरही आकडे जवळपासच राहतात. साध्या स्टेज १ मध्ये, म्हणजे एकही पार्ट न बदलता, दोन्ही गाड्या १३० पीएसच्या आसपास जातात आणि टॉर्क २२० एनएमच्या घरात पोचतो. त्यामुळे 'चार सिलिंडर की तीन' या वादात मी फार वेळ घालवणार नाही. चार सिलिंडरचं इंजिन जास्त गुळगुळीत चालतं, तीनवाल्याची घरघर आयडलला जाणवते, एवढंच. वाढवलेला टॉर्क पेलायचा असतो तो गिअरबॉक्सला, आणि तिथे या दोन गाड्या अगदी वेगळ्या आहेत.

आधी डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाली ऑटोमॅटिक. यातल्या डीक्यू२०० गिअरबॉक्सची कंपनीने ठरवलेली मर्यादा २५० एनएम आहे. म्हणजे २२० एनएमचा रीमॅप हिशेबात बसतो, पण हातात फार काही उरत नाही. दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, म्हणून बदल इतका झटपट होतो की खंबाटकी चढताना एकही गिअर 'पडल्या'सारखा वाटत नाही. रीमॅपची खरी मजा याच गाडीत आहे, यात वाद नाही.

दुखणं आहे ते त्या 'ड्राय' शब्दात. हे क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यांना थंड करायला फक्त हवा. हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी सारखी पहिला-दुसरा करत अर्ध्या क्लचवर सरकते आणि क्लच तापत राहतो. रीमॅप न केलेल्या गाडीतही हेच घडतं, वाढीव टॉर्कने ते लवकर घडतं. शिवाय क्लच आणि गिअर हलवणारं मेकॅट्रॉनिक युनिट. या गिअरबॉक्सच्या तक्रारी जगभर गाजल्या. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायचं ठरवलं. वॉरंटी संपलेल्या गाडीत मेकॅट्रॉनिक गेलं तर बिल लाखाच्या पुढे जातं.

म्हणून डीएसजीवर फक्त इंजिनचा ईसीयू (संगणक) रीमॅप करून थांबू नये. सोबत गिअरबॉक्सचा संगणक, म्हणजे टीसीयूही ट्यून करून घ्यावा, म्हणजे क्लचवरचा दाब नव्या टॉर्कच्या मानाने वाढतो. ट्यूनर 'त्याची गरज नाही' म्हणत असेल तर दुसरा ट्यूनर शोधावा.

हाच मुद्दा स्वस्तातल्या ट्यूनिंग बॉक्सबाबत जास्त टोचतो. हा डबा सेन्सरच्या वायरमध्ये लागतो आणि टर्बोचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला सांगतो. ईसीयू फसतो आणि दाब वाढवतो, ठीक. पण तोच ईसीयू टॉर्कचा अंदाज गिअरबॉक्सला कळवत असतो. तो अंदाज आता कमी, म्हणून गिअरबॉक्स क्लच तितकाच हलका दाबतो, आणि क्लच घसरायला लागतो. डीएसजीवर हा डबा लावूच नये. 'पेडल बॉक्स' म्हणून मिळतो तो प्रकार वेगळा: त्याने ताकद काडीचीही वाढत नाही, फक्त ॲक्सिलरेटर जास्त चपळ वाटतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाली १.० इतकी रंगतदार नाही. गिअर खाली पडायला क्षणभर जास्त लागतो, ओव्हरटेकच्या वेळी ते जाणवतं. पण गाडी जागेवरून निघते तेव्हा तेलच ताकद पोचवतं, घासायला कोरडा क्लच नसतो, आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये तिला काही वाटत नाही. जपायचं ते तेलाला. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर पुरतं असं सांगितलं जातं, त्यावर विसंबू नये. रीमॅप केलेल्या गाडीत ६० हजार किलोमीटरच्या आत बदललेलं बरं.

एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच आपोआप चालवणारी ऑटोमॅटिक) स्विफ्टवाले विचारतातच, म्हणून सांगतो: टर्बो नसलेल्या इंजिनात रीमॅपने हाती लागणारी वाढ इतकी थोडी असते की पैसे टायरवर घालावेत. टर्बो नसलेल्या सीव्हीटीतही (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) तेच, वर पट्टा घसरायची धास्ती.

कायदा दोघींना सारखाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. विमा कंपनीला न कळवता रीमॅप केला तर अपघातानंतरचा दावा अडकू शकतो. १.० गाडीची वॉरंटी अजून शिल्लक असेल तर रीमॅपने ती धोक्यात येते. जुन्या १.२ला ही चिंता नाही, पण २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होऊन पुनर्नोंदणीला येईल, हे किमतीत धरा.

माझा कौल १.० ला, जर रोज ऑफिसला हीच गाडी न्यायची असेल. १.२ डीएसजी घ्यावी ती घरात दुसरी गाडी असलेल्याने, सर्व्हिसची सगळी बिलं हातात असतील तरच, आणि रीमॅपच्या खर्चाव्यतिरिक्त गिअरबॉक्ससाठी लाख-दीड लाख बाजूला ठेवून. दोन्हींत मागे ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा ताकद वाढवण्याआधी चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल.

बघायला जाल तेव्हा डीएसजी थंड असताना सुरू करायला लावा. ॲक्सिलरेटर न देता डी मध्ये रांगू द्या, मग चढावर रिव्हर्स घ्या. थरथर किंवा झटका आला तर सौदा तिथेच सोडा. काही जाणवलं नाही तरी स्कॅनर लावून क्लचच्या झिजेचे आकडे बघा. १.० मध्ये ५० ते ७० च्या वेगात हलक्या पायाने एकसारखी चालवा. रस्त्यावरच्या रंबलरवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली तर तेल बदलल्याचं बिल मागा, आणि ते नसेल तर किंमत पाडून मागा.