अलिबाग की मालवण : लातूरकरांनी समुद्रासाठी कुठे जावे?

दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर जायचे म्हटले की आमच्याकडे लातूरला अलिबाग आणि मालवण या दोन नावांवरून घरोघरी खल होतो. नुसते किलोमीटर मोजण्याऐवजी ही दोन्ही बंदरे कशी वाढत गेली, हे पाहून निवड करावी, असे माझे मत आहे.

अलिबागची वाढ मुंबईकडे तोंड करून झाली. विजेच्या ट्रामांमुळे मुंबईतल्या कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेतील (पृथ्वीचे चुंबकत्व मोजणाऱ्या) नोंदी बिघडतील म्हणून ती १९०४ साली अलिबागला हलवण्यात आली. आज त्याच मुंबईतून लोक गेटवेवरून लाँचने मांडव्याला येतात आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत मोटारीही चढतात. परिणामी मांडव्यापासून अलिबागपर्यंत बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले असून शनिवार-रविवारी गर्दी आणि खोल्यांचे भाडे दोन्ही चढतात. आपण पुण्याहून पेणमार्गे रस्त्याने जाणार, त्यामुळे या बोटींचा उपयोग आपल्याला नाही, गर्दीचा त्रास मात्र आहे.

मालवणात तसे झाले नाही. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे कुडाळ-कणकवलीवरून गेली आणि राहण्याच्या नव्या सोयी प्रामुख्याने तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर वाढल्या, म्हणून जेटीजवळचा अरुंद बाजार बऱ्याच अंशी बाजारच राहिला. वाट तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि पुढे घाट अशी लांबची आहे. (२०१६ च्या दुष्काळात ज्या मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आपण प्यायलो, ती वाटेतच लागते.) तीन-चार दिवस हाताशी असतील तर मी मालवणच सुचवीन.

मात्र सोबत वृद्ध असतील तर अलिबागचे पारडे जड होते. ओहोटीला अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते, तर मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी होडीत चढण्या-उतरण्यावाचून गत्यंतर नाही आणि पावसाळ्यात ती होडीही बंद असते. ओहोटीची वेळ काढण्यासाठी किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. तरीही पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी स्थानिकांना विचारावे.

आमच्या घरी यंदा मालवण ठरले आहे. होडीत बसणार नाही, असे आईने आत्ताच बजावले आहे.