लिनक्सवरील ‘फॅक्टर’: मोठ्या संख्यांसाठी चोख, पण अबोल

लिनक्स या संगणक कार्यप्रणालीसोबत विनामूल्य मिळणारी ‘फॅक्टर’ ही कमांड दिलेल्या पूर्ण संख्येचे मूळ अवयव काढून देते आणि त्यासाठी इंटरनेटचीही गरज लागत नाही. तिचा कस पाहण्यासाठी मी १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १, ही एकवीस अंकी संख्या दिली. फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली होती; गणितज्ञ ल्यूकासने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण अवयव हाती लागले ते १९०३ मध्ये, अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांच्या चिकाटीमुळे. तेच दोन अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, एन्टर दाबताच पडद्यावर उमटले. (कोल यांना काय वाटले असते, कोण जाणे!)

मांडणी मात्र रुक्ष आहे. गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या दिली, तर २ ३ ३ ७ ७ ७ अशी नुसती रांग येते. त्यावरून विभाजक २४ आहेत, हा हिशेब आपला आपणच करायचा. शालेय व महाविद्यालयीन कामाला ती पुरून उरते, परंतु दोन्ही अवयव प्रचंड असलेल्या शंभर अंकी संख्येपुढे हात टेकते.