मुलांना गाणं शिकवायचंय, पैसे मोजके आहेत: गोव्यात कुठला मार्ग धरावा?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पालक विचारायला येतात. मुलीचा गळा गोड आहे, शिकवायची इच्छा आहे, पण दर महिन्याला एवढी फी झेपणार नाही. मी गायन शिकवते, त्यामुळे त्यांची अडचण मला कळते आणि शिकवणाऱ्याचीही कळते. बहुतेक संगीत शिक्षकांचं घर याच फीवर चालतं. म्हणून फीवर घासाघीस करण्यापेक्षा शिकण्याची पद्धतच बदलून पाहावी, असं मी प्रत्येकाला सांगते. गोव्यात त्यासाठी चार-पाच मार्ग आहेत, आणि प्रत्येकाची खरी किंमत फीच्या आकड्यात दिसत नाही.

एकट्यानं की जोडीनं?

समजा शिक्षक तासाला ४०० रुपये घेतात आणि आठवड्यातून एक तास आहे. महिन्याचे झाले १,६००. आता शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाला बरोबर घ्या आणि शिक्षकांना तासाचे ५०० द्या. प्रत्येक घराला महिन्याला १,००० पडतात, शिक्षकांना २,००० मिळतात. कोणालाही उपकार केल्यासारखं वाटत नाही, हे मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. उपकाराखाली चालणारी शिकवणी सहसा टिकत नाही. पालक संकोचतात, एखादा महिना पैसे राहिले की मुलाला पाठवायचंच बंद करतात.

शिकण्याच्या दृष्टीनंही सुरुवातीची दोन-तीन वर्षं जोडी बरी. माझ्याकडे दोन चुलत बहिणी एकत्र बसतात. एक भूप रागातला छोटा ख्याल (जलद लयीची बंदिश) म्हणते तेव्हा दुसरीनं हातावर तीनताल धरायचा, खालीला, म्हणजे जिथं टाळी नसते तिथं, हात उलटा करायचा. धरणारीचं लक्ष चुकलं की गाणारीला लगेच कळतं, आणि गाणारी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) उशिरा आली की धरणारी तिच्याकडे बघते. हे काम मी एकटीनं कितीही सांगून झालं नसतं. मात्र दोघांची पट्टी, म्हणजे ज्या उंचीचा सा धरून गायचं ती, जुळायला हवी. पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे एकाची काळी एक आणि दुसऱ्याची काळी चार असेल तर अर्धा तास पट्टी बदलण्यातच जातो. वयातही फार फरक नको.

एकट्याची शिकवणी खरी लागते ती पुढे, गांधर्व मंडळाच्या मध्यमा परीक्षेच्या आसपास, जेव्हा प्रत्येकाच्या गळ्याचे दोष वेगळे होत जातात. तेव्हाही दर आठवड्याला नाही जमलं तर पंधरा दिवसांनी एकदा चालतं. अट एकच: तासाचं रेकॉर्डिंग करायचं आणि मधल्या दिवसांत तेच घोटायचं. पंधरवड्याला एक तास आणि रोजचा रियाज, हे आठवड्याला दोन तास आणि घरी काहीच नाही, यापेक्षा कितीतरी चांगलं.

कला अकादमी आणि सरकारी कलामंदिरं

पणजीत कांपालला कला अकादमीच्या वर्गांत भारतीय संगीतही शिकता येतं आणि पाश्चात्त्यही. सरकारी संस्था असल्यानं खासगी शिकवणीच्या मानानं फी हलकी पडते. मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं आणि फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर इथंही आपल्या गावाजवळ काय चालू आहे याची चौकशी जरूर करावी. अशा ठिकाणी शिस्तीत अभ्यासक्रम असतो, चार मुलांबरोबर बसायची सवय लागते, तबल्याच्या साथीला गायला मिळतं.

वर्गात शिकणं म्हणजे दुय्यम शिकणं, असा एक समज आपल्याकडे आहे. तो मला मान्य नाही. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर नाही, लोकांच्या मदतीवर. आणि सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसवून गाणं शिकवता येतं हे तिथंच दाखवून दिलं.

अडचण आहे ती अंतराची. वाळपईहून कांपालला यायचं तर मुलाबरोबर मोठं माणूस लागतं, बस बदलावी लागते, आणि संध्याकाळी परतीची बस गाठायची घाई. आई रोजंदारीवर असेल तर तिचा खाडाही हिशेबात धरा. फी निम्मी असूनही असा वर्ग महिनाअखेरीस महाग पडतो. शिवाय पावसाळ्यात दांड्या पडतात आणि मूल मागे राहतं. घरापासून अर्ध्या तासात पोचता येत असेल तर संस्थेसारखा स्वस्त आणि चांगला मार्ग नाही. त्याहून लांब असेल तर गावातली जोडीची शिकवणी धरावी.

देवळातलं भजन

हा मार्ग फुकटचा, आणि आपण त्याला शिक्षण मानत नाही याचं मला वाईट वाटतं. गावोगावी भजनी मंडळं आहेत, एकादशीला, सप्ताहात भजन होतं. कला अकादमीच्या राज्य भजन स्पर्धेत मुलांसाठीही गट असतो. दोन वर्षं भजनात बसलेलं मूल माझ्याकडे येतं तेव्हा त्याची लय पक्की असते, अभंग पाठ असतात आणि चार माणसांसमोर तोंड उघडायची भीती गेलेली असते.

पण भजन एकटं पुरत नाही. तिथली पट्टी मोठ्या पुरुषांच्या गळ्याची असते, मुलं ती गाठायला ओरडतात आणि गळा ताणतात. स्वरांची ओळख, अलंकार, पलटे (ठरावीक क्रमानं स्वर घोटायचे प्रकार) यांना तिथं सवड नसते. त्यामुळे भजन आणि पंधरवड्याला एक तास शिकवणी, ही जोडणी मी हलाखीत असलेल्या घरांना सगळ्यांत आधी सुचवते. मंडळातल्या पेटीवाल्या बुवांना विचारलं तर ते पुष्कळदा आनंदानं सरगम गिरवून घेतात.

मोबाईलवरचा क्लास

प्रवास वाचतो, एवढं खरं. पण आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत. तबल्याला तर हा उशीर फारच नडतो. त्यात तानपुऱ्याचा सततचा नाद म्हणजे नको असलेला आवाज, असं समजून ॲप तो गाळून टाकतं आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) हीही तुटक ऐकू येते. नवशिक्याला हा मार्ग मी सुचवणार नाही. ज्याचे स्वर बसलेत त्यानं महिन्याचे दोन तास समोर बसून घ्यावेत आणि मधे रियाजाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवावं. शिक्षक सवडीनं ऐकून चूक सांगतात.

वाद्याचा खर्च

गाण्यासाठी पहिल्या वर्षी पेटी घेऊ नका. मोबाईलवर तानपुऱ्याची फुकट ॲप आहेत, ती पुरतात. मूल पेटीच्या आधारावर न राहता स्वर ऐकायला शिकतं. तबला शिकायचा तर जोडी घ्यावीच लागते. आपल्या दमट हवेत चामडं उतरतं, पुडी (तबल्यावर ताणलेलं चामडं) बदलावी लागते, तो खर्च दरवर्षी धरून ठेवा. जुनी जोडी घेताना शिकवणाऱ्याला बरोबर न्या. शाई, म्हणजे मधला काळा गोल, सुटत आलेली असेल तर ते बोट मारताच ओळखतात.

व्हायोलिन मुलाच्या उंचीप्रमाणे पाव, अर्धं, पाऊण असं बदलत जातं, म्हणून ते विकत घेण्यापेक्षा वापरायला मिळालेलं बरं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गावातल्या मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं जाई. आज गरजू मुलांना पाश्चात्त्य वाद्यं शिकवण्यासाठी चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था २००९ पासून गोव्यात काम करते. तिकडे ओढा असेल तर आधी तिथं विचारावं.

परीक्षा आणि शिष्यवृत्ती

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांची फी पाश्चात्त्य ग्रेड परीक्षांच्या मानानं फारच कमी असते. तरी पहिल्याच वर्षी मुलाला परीक्षेला बसवायची घाई नको. ते पैसे शिकवणीत घाला.

१० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी मात्र केंद्र सरकारच्या सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर ठेवा. त्यात वर्षाला ३,६०० रुपये आणि शिवाय गुरूची प्रत्यक्ष दिलेली फी ९,००० रुपयांपर्यंत मिळते. वर जोडीच्या शिकवणीचा जो हिशेब केला, त्याचा बराचसा भार यात निघतो. निवड चाचणीतून होते, त्यामुळे दहावं वर्ष लागण्याआधी दोन वर्षं तरी मूल नीट शिकलेलं हवं. आणि शिकवणी जोडीची असो वा एकट्याची, फी दिली की दर महिन्याला मुलाच्या नावाची पावती मागून घ्या. आमच्यासारखे शिक्षक ती आपणहून देत नाहीत, पण मागितली तर कोणी नाही म्हणत नाही.